पंधरा गुणांचे दाजी

आक्काला बघायला पाहुणे आले तेव्हा मी नववीत होतो. पोहे झाले, चहा झाला, 'कळवतो' म्हणून मंडळी उठली आणि नवरा मुलगा दारात चपला घालता घालता मला म्हणाला, "श्वास सोड पूर्ण. हां. आता घे. फुगव, फुगव…" मी फुगवली. त्याने डोळ्यांनीच माप घेतलं आणि आपल्या वडिलांना सांगितलं, "पाच सेंटिमीटर आरामात." आठवड्याने होकार आला. पसंत आक्का पडली होती की माझी छाती, हे आमच्या घरात आजतागायत ठरलेलं नाही.

हे आमचे दाजी. त्या पाच सेंटिमीटरमागे इतिहास आहे. दाजींचं आजोळ साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला सगळा जिल्हा अपशिंगे मिलिटरी म्हणतो. घरटी एक तरी फौजी असलेलं गाव. आजोबा फौजी, मामा फौजी, मामाच्या शेजारचा तोही फौजी. दाजी भरतीला उभे राहिले, पळण्यात पुढे आले आणि छातीला अडकले. सत्त्याहत्तर भरली, फुगवून ब्याऐंशी व्हायला हवी होती, ती साडेएक्याऐंशीवर थांबली. दुसऱ्या वर्षी पुन्हा साडेएक्याऐंशी. पुढे दाजी पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून चिकटले. धरणातलं टीएमसीभर पाणी कागदावर इकडचं तिकडे झालं तरी त्यांची झोप मोडत नाही, पण तो अर्धा सेंटिमीटर आठवला की अजून रात्री उठून पाणी पितात.

पिंट्या झाला तेव्हा दवाखान्यात सगळ्यांनी बाळाचं वजन विचारलं. दाजींनी लांबी विचारली.

असे दाजी साताऱ्यात गल्लोगल्ली आहेत. नात्याने कोणाचे काका असतील, कोणाचे अण्णा. ओळखायला सोपे. केस बारीक कापलेले. मुलाचे कापायला नेताना स्वतःचेही कापून घेतात. घड्याळ दहा मिनिटं पुढे. 'जेवायला बस' म्हणायच्या ऐवजी 'रिपोर्ट कर' म्हणतात. पावसात छत्री उघडत नाहीत. यांच्यापैकी एकालाही स्वतः कधी गणवेश चढवायला मिळालेला नसतो. ज्याला मिळाला तो निवृत्त होऊन शांतपणे गुलाबाला खत घालत बसलेला असतो आणि मुलगा काय करतो विचारलं तर सांगतो, "बघेल त्याचं तो."

जवान म्हणून आपण हुकलो, तर मुलगा साहेब म्हणूनच जाईल, हा दाजींचा हिशोब. सुरुवात सहावीपासून झाली. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली, ती आपल्या मुलासाठीच अशी दाजींची समजूत होती. पिंट्याचा नंबर हुकला. दहावीनंतर संभाजीनगरची सेवापूर्व प्रशिक्षण संस्था, सरकारने १९७७ पासून याच कामासाठी चालवलेली. तिथे पिंट्या मुलाखतीपर्यंत गेला आणि मुलाखतीतून परत आला. दाजी खचले नाहीत. "हे दोन्ही जोडरस्ते होते," म्हणाले. "आता हायवेने जायचं."

हायवे म्हणजे एनडीएची परीक्षा. वर्षातून दोनदा होते, साडेसोळा ते साडेएकोणीस हे वय. जागा चारशेच्या आसपास, बसणारी मुलं लाखांनी. गणित तीनशे गुणांचं, सामान्य क्षमता सहाशेची. गणितात उत्तर बरोबर आलं तर अडीच गुण, चुकलं तर ०.८३ वजा. हा पॉइंट एट्टी थ्री दाजींच्या घरात इतका मुरला की आक्काने मेथीऐवजी शेपू आणला तरी वजा व्हायला लागला. एका दिवाळीत मी हिशोब केला तर आक्का शून्याच्या खाली चार गुणांवर होती.

लेखी परीक्षा पिंट्या पहिल्याच झटक्यात पास झाला. पोरगं मुळात हुशार. मग कळलं की पुढे एसएसबीचे, म्हणजे सेवा निवड मंडळाचे, पाच दिवस आहेत आणि त्यांनाही नऊशेच गुण आहेत. अडीच-अडीच तासांचे दोन पेपर एका पारड्यात आणि पाच दिवसांचं वागणं-बोलणं दुसऱ्या पारड्यात, दोन्ही सारख्या वजनाची. दाजी हादरले. वागण्याला मार्क असतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यातून त्या मंडळाने अधिकाऱ्याला लागणारे पंधरा गुण ठरवून ठेवलेले. लग्नाला छत्तीस गुण बघतात, त्यातले अठरा जुळले तरी भटजी बार उडवून देतात. इथे पंधरापैकी किती लागतात हे कोणीच सांगेना.

म्हणून क्लास लावला. वागण्याचा क्लास. चालवणारे निवृत्त अधिकारी, माणूस सरळ. पहिल्याच दिवशी पालकांसमोर म्हणाले, "एकच लक्षात ठेवा. मुलांना नॅचरल वागू द्या." दाजींनी ते वहीत लिहून घेतलं, लाल शाईने खाली दोन रेघा मारल्या आणि घरी आल्यावर पिंट्याला फर्मान सोडलं, "उद्यापासून पहाटे पाच ते सहा नॅचरल वागायची प्रॅक्टिस."

त्यानंतरच्या दीड वर्षात आक्काच्या घरी मी जे पाहिलं ते सांगितलं तर खरं वाटणार नाही. वर्ड असोसिएशन नावाची एक चाचणी असते. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. शब्द दिसला की मनात येईल ते वाक्य लिहायचं. दाजींनी ती रात्रीच्या जेवणात घुसवली. गळ्यात शिट्टी, हातात मोबाईलचं स्टॉपवॉच.

"आमटी!" दाजी ओरडले.

"आमटी खारट झालीय," पिंट्या म्हणाला.

"निगेटिव्ह! लीडर तक्रार करत नाही. परत."

"आमटीतून शरीरास प्रथिने मिळतात."

"शाब्बास."

"मग घे अजून," म्हणत आक्काने पळी ओतली. पोराने मुकाट्याने खाल्ली. आमटी खरोखरच खारट होती. दाजींनीही दोनदा घेतली, शिस्त म्हणून.

दुसरी एक चाचणी चित्रांवरची. अर्धा मिनिट चित्र बघायचं, चार मिनिटांत गोष्ट लिहायची. अशी अकरा चित्रं, आणि बारावी पाटी कोरी. त्या कोऱ्या पाटीवर मनातली गोष्ट लिहायची असते. मनातली म्हटल्यावर ती आधी तयार ठेवलीच पाहिजे. दाजींनी पिंट्याला गोष्ट रचून दिली: कृष्णेला पूर येतो, पिंट्या मित्रांना गोळा करतो, दोर बांधतो, गावाला वाचवतो, वर तहसीलदारांना वेळेत कळवतो. पुढे क्लासमध्ये कळलं की सोळाही मुलांच्या घरी पूरच आला होता. त्या हंगामात साताऱ्यातल्या कोऱ्या पाट्यांवर एवढी माणसं बुडता बुडता वाचली की कृष्णाकाठी तेवढी वस्ती तरी आहे का, अशी शंका यावी.

आणि प्रसंग. अर्ध्या तासात साठ प्रसंग, आपण काय कराल ते दोन ओळींत. 'तुम्ही परीक्षेला निघाला आहात, वाटेत अपघात दिसतो, पाऊस आहे, खिशात पैसे नाहीत.' पिंट्याचं उत्तर तारेच्या भाषेत: जखमीस दवाखान्यात पोचवले, घरच्यांना कळवले, परीक्षा दिली, पहिला आलो. 'पहिला आलो' हे दाजींनी घातलेलं. एका रविवारी हे चालू असताना स्वयंपाकघरात कुकरचा व्हॉल्व्ह उडाला. वाफेचा फवारा, डाळ छताला. दाजी एका उडीत अंगणात आणि दुसऱ्या उडीत शेजाऱ्यांच्या अंगणात. पिंट्या उठला, सिलिंडरचं बटण फिरवलं, खिडकी उघडली आणि आक्काच्या हातावर नळाचं पाणी सोडलं. दाजी धापा टाकत परत आले आणि दारातूनच ओरडले, "हे लिही! हे लिहून ठेव, प्रसंग नंबर एकसष्ट!"

माझ्या मते सगळ्यात कठीण भाग फॉर्म भरण्याचा. त्याला पीआयक्यू म्हणतात. घरातले कोण काय करतात, उत्पन्न किती, मुलाने कोणत्या जबाबदाऱ्या घेतल्या, छंद काय, खेळ काय. मुलाखत घेणारा अधिकारी तो कागद समोर ठेवूनच बसतो. पिंट्याचे खरे छंद दोन. दुपारी झोपणं आणि आळीतल्या बायकांचे बिघडलेले मिक्सर दुरुस्त करणं. दोन्ही दाजींनी पेन्सिलने खोडले. मिक्सरला साहेब माणूस हात लावत नाही, आणि झोप तर नकोच. त्याजागी वाचन, पोहणे, ट्रेकिंग. मग ट्रेकिंग लिहिलंय म्हणून दर रविवारी बापलेक अजिंक्यताऱ्यावर. गाडीरस्ता वरपर्यंत असताना हे झाडीतून चढणार आणि वर पोचल्यावर भेळ खाणाऱ्या कुटुंबांच्या मधोमध ध्वज रोवल्यासारखा फोटो काढणार. वाचन लिहिलं म्हणून पुस्तकं आणली. पिंट्याने त्यातली मलपृष्ठं वाचली. दाजींनी मात्र सगळी पुस्तकं शेवटपर्यंत वाचून काढली आणि जेवताना त्यांच्यावर बोलायला लागले.

जबाबदारीच्या रकान्यात काहीच नव्हतं. दाजी गणेश मंडळाच्या अध्यक्षाकडे गेले. पिंट्याला खजिनदार करा म्हणाले. खजिनदारपद असं वाटत फिरत नाहीत, त्याला मागच्या तीन वर्षांचा हिशोब आडवा येतो. बरीच घासाघीस होऊन 'पाणीवाटप प्रमुख' हे पद नव्याने निर्माण झालं. विसर्जनाच्या रात्री पिंट्या खांद्यावर पिंप घेऊन पाच तास फिरला. फॉर्ममध्ये ते 'लॉजिस्टिक्स इन्चार्ज' असं गेलं.

आणखी एक प्रकार लेक्चरेट. चिठ्ठीवरच्या चार विषयांतला एक निवडायचा, तीन मिनिटं विचार, तीन मिनिटं गटासमोर भाषण. गट कुठून आणायचा? संक्रांतीनंतर आक्काने हळदीकुंकू ठेवलं होतं, आयता गट समोर आला. बायका सतरंजीवर टेकल्या, वाण अजून आतच, आणि मधल्या दारातून पोटाला छातीक्रमांकाचा कापडी बिल्ला बांधलेला पिंट्या बाहेर आला. 'भारत-चीन सीमाप्रश्न' या विषयावर तीन मिनिटं बोलला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एका काकूंनी जाताना आक्काला बाजूला घेऊन विचारलं, "सगळं ठीक आहे ना गं?"

मेडिकलचं तर विचारूच नका. ते निवड झाल्यानंतर असतं, पण दाजी म्हणाले, तहान लागल्यावर विहीर खणायची नाही. ओल्या पायाने फरशीवर चालवून तळव्याचा ठसा बघायचे, सपाट आहे का. पाय जुळवून उभं करायचे आणि गुडघ्यांच्या मध्ये पोस्टकार्ड सरकवायचे. हात खाली सोडून उभं राहिलं की कोपरापासून हात जरा बाहेर झुकतो. तो कोन ठरावीक अंशांच्या पुढे गेला तर डॉक्टर अडवतात, असं त्यांना कळलं. त्या दिवशी मी घरी गेलो तर पिंट्या भिंतीला टेकून उभा आणि दाजी कंपासपेटीतला कोनमापक त्याच्या कोपराला लावून एक डोळा मिटून वाचतायत. शेजारी आक्का उभी. तिच्या हातात वही, कारण अंश लिहून घ्यायचे होते.

"रोज थोडा बदलतो का हो कोन?" मी विचारलं.

"उजव्यात अर्ध्या अंशाची सुधारणा आहे," दाजी म्हणाले. हाड आहे, ते सुधारत नाही, हे सांगायची माझी छाती झाली नाही. कितीही फुगत असली तरी.

पहिलं बोलावणं भोपाळचं आलं. गोवा एक्स्प्रेस साताऱ्यात थांबते आणि भोपाळवरूनच पुढे जाते, हासुद्धा दाजींना शुभशकुन वाटला. माहुलीच्या स्टेशनवर आम्ही नऊ जण पोचवायला. आक्काने पालीच्या खंडोबाचा भंडारा कपाळाला लावला, दाजींनी तो लगेच रुमालाने पुसला, कारण सिलेक्शनला एकसारखं दिसलं पाहिजे. आक्काने तो परत लावला. गाडी सुटेपर्यंत हे चाललं.

पहिल्याच दिवशी छाननी असते. एक धूसर चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची, मग गटात बसून सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. पंधरा पोरं एकाच वेळी बोलतात. उमेदवार त्याला मासळीबाजार म्हणतात आणि योग्यच म्हणतात. त्यात जो टिकला तो राहतो, बाकीचे त्याच दिवशी सामान उचलून स्टेशनवर. दुपारी दाजींचा फोन वाजला.

"बाबा, स्क्रीन आउट."

"चित्रात काय होतं?"

"नीट दिसत नव्हतं. मला वाटलं बाई पाणी भरतीये."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांना पूर दिसला."

दाजी दोन दिवस जेवले नाहीत. पराभवापेक्षा त्यांना एकाच गोष्टीने पोखरलं: कारण सांगत नाहीत. छातीक्रमांक वाचतात, ज्याचा वाचला तो थांबतो, ज्याचा नाही तो जातो. का राहिला, का गेला, एक अक्षर नाही. छातीच्या टेपवर निदान साडेएक्याऐंशी दिसत होते! पाटबंधारे खात्यात साधा अर्ज फेटाळला तरी 'सबब' म्हणून ओळ लिहावी लागते. अर्जदाराला ती पटत नाही हे वेगळं, पण तिच्याशी भांडता येतं. इथे भांडायचं कशाशी?

सबब मिळाली नाही की माणूस ती स्वतः शोधतो. दाजींनी शोधल्या. भोपाळला जाताना घातलेला निळा शर्ट बाद. भोपाळच बाद, केंद्र निवडायची मुभा असते तर पुढच्या वेळी बंगळूर. आक्काचं म्हणणं, भंडारा पुसला म्हणून झालं. पिंट्याच्या आजीच्या मते दही दिलं नाही. माझं मत कोणी विचारलं नाही, पण त्या बाईच्या हातात मला तरी कळशीच दिसली असती.

बंगळूरला पाचही दिवस टिकला. ढोलकीएवढ्या लाकडी ओंडक्याने काल्पनिक खंदक ओलांडले, दोरावर लटकला, मुलाखत दिली. शेवटच्या दिवशी सगळे अधिकारी गणवेशात एका टेबलाभोवती बसतात आणि उमेदवाराला मिनिटभर आत बोलावतात. निकाल लागला, याचा क्रमांक वाचला नाही. पुन्हा सबब नाही. दाजींनी या वेळी सगळं उलटं केलं. ट्रेक बंद, दही सुरू. क्लास बंद, हुलग्याचं माडगं सुरू. आमटीतले शब्द बंद. पिंट्या तोवर बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला जायला लागला होता आणि संध्याकाळी परत मिक्सर दुरुस्त करू लागला होता. दाजी बघून न बघितल्यासारखं करत. घरात थोडे दिवस बरे गेले. आक्काचे वजा गुणसुद्धा माफ झाले.

तिसऱ्या वेळी प्रयागराज. पाचव्या दिवशी दुपारी फोन आला तेव्हा मी तिथेच होतो.

"बाबा, रेकमेंड झालो."

आक्का मटकन खाली बसली आणि रडायला लागली. दाजी उभे होते. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. पहिला शब्द तोंडातून निघाला तो असा:

"कशामुळे?"

पलीकडे पिंट्या गप्प. मग म्हणाला, "ते सांगत नाहीत, बाबा."

"मुलाखतीत काय विचारलं?"

"बरंच. घरी काय करतोस विचारलं."

"मग? ट्रेकिंग सांगितलंस ना?"

"मिक्सर सांगितला. मग ते म्हणाले, आमच्या घरचा आवाज करतो, काय झालं असेल? ते अर्धा तास चाललं."

"आणि भारत-चीन?"

"नाही विचारलं."

यावरून मिक्सरनेच काम झालं असं म्हणायला माझी जीभ शिवशिवते, पण म्हणणार नाही. अर्धा तास मिक्सरवर बोलून परत आलेलीही पोरं असतील. तेवढाच पुरावा पालीच्या खंडोबाच्या बाजूनेही आहे.

पुढे मेडिकल. सैनिकी रुग्णालयात दिवसेंदिवस तपासणी. गुडघे उत्तम, तळवे उत्तम, कोपराचा कोन नियमात, छातीबद्दल डॉक्टरांनी चकार शब्द काढला नाही. कानात बघितलं आणि लिहिलं: तात्पुरता अपात्र. कारण, मळ. हे मात्र कागदावर, सहीशिक्क्यासह. पिंट्याच्या बाबतीत पहिल्यांदा दाजींना सबब मिळाली होती आणि ती दोन अक्षरांची होती.

"चौथीपासून सांगतेय," आक्का म्हणाली, "कान साफ कर, कान साफ कर. तुम्ही सगळे कोपर मोजत बसलात."

अपील करायला ४२ दिवस असतात. दाजींनी बेचाळीस मिनिटांत कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावला. तिथल्या बाकावर बसल्या बसल्या त्यांनी स्वतःचेही कान काढून घेतले. त्यानंतर काही दिवस त्यांना सगळंच मोठ्याने ऐकू यायचं आणि ते घरातल्यांवर ओरडायचे, ओरडू नका म्हणून.

अपिलात पिंट्या पात्र ठरला. तरी संपलं नव्हतं. शिफारस झाली, मेडिकल झालं, तरी शेवटची गुणवत्ता यादी उरते. लेखीचे नऊशे आणि एसएसबीचे नऊशे मिळून लागते ती. जागा संपल्या की रेघ मारतात, आणि रेघेखाली दरवेळी शिफारस झालेली, धडधाकट पोरं राहतात. त्या दोन महिन्यांत दाजी जेवढे गप्प झाले तेवढं गप्प मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शिट्टी नाही, स्टॉपवॉच नाही. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि पिंट्या समोरून गेला की त्याच्याकडे बघायचे, मोजायला नव्हे, नुसतेच. एकदा मला हळूच म्हणाले, "नाही लागला तरी चालेल म्हणायची प्रॅक्टिस करतोय. जमत नाही."

यादी लागली. पिंट्या दोनशेच्या पुढे कुठेतरी होता, पण रेघेच्या बराच वर. दाजींनी ते पान प्रिंट करून आणलं, नाव पिवळ्या शाईने रंगवलं, मग त्याच्या वरची आणि खालची नावंही मोठ्याने वाचून दाखवली, जणू नवे सोयरेच. बाँडच्या कागदांवर बापाची सही लागते. मुलगा स्वतःहून सोडून आला तर प्रशिक्षणाचा खर्च भरेन, अशा अर्थाची. दाजींनी सही करायच्या आधी श्वास आत ओढला. मी शेजारी होतो. पाच सेंटिमीटर सहज भरली असती.

खडकवासल्याला एनडीएत सोडायला खंबाटकीच्या बोगद्यातून आम्ही दोन गाड्या घेऊन गेलो. तिथली सुदान ब्लॉकची घुमटवाली इमारत दुसऱ्या महायुद्धातल्या मदतीबद्दल सुदानने दिलेल्या पैशांतून उभी राहिली, हे दाजींचं वाटेतच सांगून झालं होतं. संस्थेचं उद्घाटन १६ जानेवारी १९५५ ला झालं हेही. पिंट्या काळी ट्रंक उचलून आत गेला. मागे वळून बघितलं नाही, तसं करायचं नसतं असं त्याला कुणीतरी शिकवलं होतं. कुणी, ते दाजींना माहीत होतं, म्हणून ते काही बोलले नाहीत.

आता इथे गोष्ट थांबायला हवी. थांबत नाही. पिंट्या गेला, पण सगळी विद्या घरात राहिली. कोनमापक, शिट्टी, स्टॉपवॉच, सोळा मलपृष्ठं आणि नेमकं कशामुळे झालं हे माहीत नसलेला एक माणूस. कशामुळे ते कळत नसल्यामुळे दाजी सल्ला देताना काहीच गाळत नाहीत. दहावीतली पोरं आणि त्यांचे बाप संध्याकाळी अंगणात येतात. त्यांना ट्रेकही सांगतात आणि दुपारची झोपही. क्लासही लावायला सांगतात, क्लास सोडायलाही. निळा शर्ट वर्ज्य, दही आवश्यक, हुलगे सकाळी, मिक्सर संध्याकाळी, भंडारा लावायचा पण हळूच पुसायचा आणि परत लावायचा. प्रयागराजच घ्या म्हणतात. त्या बिचाऱ्या बापांकडे वह्या असतात. ते लिहून घेतात आणि खाली लाल शाईने दोन रेघा मारतात.

पिंट्याला परवा फोनवर विचारलं, तिकडे कसं चाललंय. म्हणाला, "मामा, बरंय. इथं कोण काही एक्स्प्लेन करत नाही, नुसतं पळवतात." आवाजात समाधान होतं.

माझी मुलगी सातवीत आहे. बारा वर्षांची. देहरादूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजला साडेअकरा ते तेरा या वयात अर्ज करता येतो आणि २०२२ पासून तिथे मुलींनाही घेतात, ही माहिती मी घरात कोणाला दिलेली नाही. देण्याची गरजही नव्हती. रविवारी दाजी आले. चहा घेतला, ३० मे २०२५ ला एनडीएतून पहिल्या सतरा मुली कशा बाहेर पडल्या ते सांगितलं, राज्य परीक्षा परिषदेची तारीख कधी येते तेही सांगितलं. मग उठले. दारात चपला घालता घालता त्यांनी माझ्या मुलीला जवळ बोलावलं, उजेडाकडे वळवलं आणि म्हणाले, "आधी कान बघू."